शाळेचं शंभरावं वर्ष: कार्यक्रम जानेवारीत की मेमध्ये?

गिरणीवाली (७ डिसेंबर २०२५, रात्री)

नमस्कार. प्रश्न एका ओळीचा आहे पण दळण मोठं आहे, तेव्हा वेळ असेल तरच थांबा.

दापोली तालुक्यात खाडीच्या काठाला आमची वाडी. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, पुढे पडवी, दोन बाई आणि पट बारा. दिवाळीपर्यंत अकरा होता. बारावा नालासोपाऱ्याहून आजीकडे राहायला आला आणि पहिल्याच दिवशी बाईंना विचारलंन, "बाकीची मुलं कुठायत?"

मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. झाले म्हणजे काय, सभेला बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका लागतात. आमच्याकडे बाप्ये हर्णैला बोटीवर नाहीतर मुंबईत, त्यामुळे निम्म्याची अट आपोआपच पुरी होऊन वर उरते. शिवाय माझी पिठाची गिरणी आहे. डबा ठेवायला येणारी प्रत्येक बाई शाळेविषयी काहीतरी बोलून जाते, म्हणजे सभा माझ्याकडे रोजच असते.

यंदा शाळेचं शंभरावं वर्ष चालू आहे. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. निसर्ग वादळात (३ जून २०२०) कौलं उडाली, भिजलेलं सगळं एका लोखंडी कपाटात कोंबलं, ते तसंच राहिलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाई म्हणाल्या, चला आवरू या. त्यात पहिलं जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदींचं, निघालं. पहिली नोंद जून १९२६ ची. जिल्हा परिषद आली १९६२ ला, म्हणजे ही शाळा त्याच्या कितीतरी आधीची, लोकल बोर्डाच्या वेळची.

आवरायचं राहिलं बाजूला, आम्ही दोघी पडवीत बसून पानं वाचत राहिलो. शेवटाकडे एक रकाना आहे, 'शाळा सोडल्याचे कारण'. त्यात 'मुंबईस गेला'. खाली 'मुंबईस गेला'. त्याखाली 'कित्ता', 'कित्ता', 'कित्ता'. मधेच 'गुरे राखणेस'. मुलींपुढे 'लग्न झाले'. पुढच्या एका रजिस्टरात मास्तरांना लिहायचा कंटाळा आला असावा, नुसतंच 'मुं. गेला'. त्यातच माझ्या सासऱ्यांचं नाव सापडलं. मुं. गेला. ते १९८२ च्या गिरणी संपात परत आले आणि चार वर्षांनी ही चक्की घातलीनी. एका गिरणीतून सुटले नि दुसरीत अडकले, असं स्वतःच सांगायचे.

आता प्रश्न. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाला हे कळलं आणि त्यांनी लगेच बैठक घेऊन मे महिना ठरवला. रस्त्यावर कमान, पाहुणे, स्मरणिका, ट्रॉफ्या, रात्री ऑर्केस्ट्रा. त्यांचं म्हणणं शंभर जूनमध्ये भरतात, मे जवळ पडतो, आणि मेमध्ये सगळे गावी असतात. सगळे म्हणजे ते. शाळेची मुलं मेमध्ये मामाकडे असतात. एक बाई सोलापूरकडच्या, त्या गावी जातात. शाळेला कुलूप. कुलूपबंद शाळेचा वाढदिवस करायचा का? मला तो शाळा चालू असताना हवा आहे. बारा मुलं आहेत तर बाराच्या बारा स्टेजवर हवीत.

त्यात आमचं कॅलेंडर भरलेलं. गेल्या आठवड्यात मुलांचा बाजार झाला. तिसरीतला एकजण सुकटीचे वाटे लावून बसला होता. आमच्या एका जावेने घासाघीस केलीन तर म्हणतो, "मावशी, दहाचा वाटा हाय, परवडत नसंल तर वास घेऊन जा." आईबरोबर बाजारात बसतो, तिथलंच शिकलाय. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, क्रीडा स्पर्धा आहेत. खो-खोला मैदानात नऊ लागतात, आमच्या बारांत चार पहिलीचे, म्हणून शेजारच्या शाळेबरोबर मिळून संघ केलाय आणि आता कप्तान कोणाचा यावरून दोन वाड्या बोलत नाहीत. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती, जीप करून मुलांना पालगडला न्यायचंय, त्यांचं जन्मगाव इतकं जवळ असून बहुतेकांनी बघितलेलं नाही. मग ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती. मग फाल्गुनात शिमगा, तेव्हा पालखीपुढे शाळेचं नाव काढायची सोय नाही.

गेल्या वर्षीचं संमेलन ऐन रंगात असताना जनरेटरवाल्याचं डिझेल संपलं. गाणं बंद, लाईट बंद. पहिलीतली एक पोरगी अंधारात तशीच नाचत राहिली, तिला वाटलं हेही नाचातच आहे. लोकांनी मोबाईलच्या बॅटऱ्या मारून टाळ्यांवर तिचा नाच पुरा करून घेतला. ऑर्केस्ट्राने असं काय जास्त होणार आहे?

पण वर्गणी मंडळाचीच येणार, हेही खरं. तारीख कोणती धरू, आणि त्यांना न दुखवता कसं सांगू?

विरारचा चाकरमानी (८ डिसेंबर)

ताई, मीही 'मुं. गेला' पैकीच. तुमच्या मंडळाचा नाही, गुहागरकडचा. तरी त्यांची बाजू मांडतो. गणपतीला आठ दिवस काढले, शिमग्याला चार काढले, की कंपनीतला साहेब विचारतो, तुमच्या गावात सण संपतात कधी? मेमध्ये पोरांच्या शाळा बंद, म्हणून मे. कमानीची हौस मात्र खरी आहे, ती मान्य. त्या कमानीवर आपलं नाव बघायला माणूस रात्रभर उभ्याने प्रवास करून येतो.

पण कॅलेंडर बघितलंत का? २६ जानेवारी सोमवारी आहे. शनिवार, रविवार, सोमवार, एकही रजा टाकायला लागत नाही. त्यात २२ ला गुरुवारी माघी गणपती. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला येणारे त्या भागातले लोक बरेच, त्यातले काही शुक्रवारची एक रजा टाकून राहतीलच. २५ ला कार्यक्रम, २६ ला झेंडावंदन करून दुपारच्या गाडीने परत. गाड्यांना गर्दी होईल, तेव्हा तारीख या आठवड्यातच कळवा. उशिरा कळवलंत तर 'आम्हाला डावललं' असं होईल. मुंबईची माणसं तारखेवरून नाही रुसत, शेवटी कळली म्हणून रुसतात.

निवृत्त मास्तर (८ डिसेंबर)

चौतीस वर्षं मंडणगड आणि दापोलीच्या शाळांत काढली, म्हणून न विचारलेलंही सांगतो.

रजिस्टर कार्यक्रमात टेबलावर मांडून ठेवणार असाल तर आधीच थांबा. ते शोभेचं नाही. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि आपल्याकडच्या कुणबी कुटुंबांना तो बहुतेक वेळा शाळेच्या रजिस्टरातच मिळतो. एक पान फाटलं तर एका घराण्याची तीन पिढ्यांची पायपीट. शिवाय त्यात जात आहे, जन्मतारीख आहे. पान उघडून फोटो काढायचे आणि गटावर टाकायचे, हे कोणी करू नये. सासऱ्यांचं सापडलं म्हणून तुम्ही टाकाल, दुसऱ्याला ते नको असेल. दाखवायचंच तर नावाचा रकाना झाकून फक्त 'कारण' रकान्याची झेरॉक्स मोठी करून लावा. तुम्ही जे इथे लिहिलंत ते तेवढ्यानेच दिसेल. फाटल्या जागी चिकटपट्टी मुळीच नको, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि खालची शाई घेऊन निघते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, वाळवी भिंतीतून येते. आत वेखंडाची पुरचुंडी ठेवा.

दुसरं, जिल्हा परिषदेच्या निवडणुका कधीही जाहीर होतील. आचारसंहिता लागली की पुढाऱ्यांना व्यासपीठावर बसवण्याची भानगड नको, निमंत्रणपत्रिका छापताना पाहुण्यांची जागा जपून भरा. (माझं खाजगी मत: बरंच झालं. माझ्या नोकरीत एका संमेलनाला पाहुणे अडीच तास उशिरा आले आणि परीच्या वेषातल्या मुली पंख लावून झोपल्या होत्या.) बाईंना निवडणुकीचं प्रशिक्षण लागू शकतं, त्यामुळे तालमींचा भार त्यांच्यावर ठेवू नका.

तिसरं, जेवणावळीसाठी शाळेच्या पोषण आहाराच्या तांदळाला हात लावू नका. मुलामागे १०० ग्रॅम, रोजची नोंद. पोतं तात्पुरतं वापरू आणि मग भरू म्हणणारे मी पाहिलेत. भरणारे पाहिले नाहीत.

आणि शतक पूर्ण जूनमध्ये होतं, हा मुद्दा फार ताणू नका. शताब्दी वर्ष चालू आहे, वर्षात कधीही करा. जूनच्या तारखेला मुलांनी पडवीत शंभर पणत्या लावल्या तरी पुष्कळ. पाऊस लावू देईल की नाही तो भाग वेगळा.

तरीवरचा (९ डिसेंबर)

खाडीकाठ म्हणताय तर पलीकडून माणसं होडीने येणार. पाणी बघितलंत का? २५ ला सप्तमी. तिथीची पाऊणपट करायची, सात पाऊणे सव्वापाच. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला पूर्ण भरती, रात्री साडेअकराला पूर्ण ओहोटी. भांगाचं पाणी, फार चढणार नाही नि फार उतरणार नाही, पण आमच्या खाडीत गाळ इतका भरलाय की ओहोटीला दोन तास असतानाच होडी टेकते. तुमच्याकडेही तसंच असेल तर साडेआठला शेवटची फेरी धरा. म्हातारी माणसं चिखलातून चालवायची नसतील तर कार्यक्रम तीनला चालू करा. तसंही दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही, नि जानेवारीत रात्री दव इतकं पडतं की सतरंज्या पिळाव्या लागतात.

उसळवाली (९ डिसेंबर)

मी दुसऱ्या एका शाळेत मुलांचं जेवण शिजवते. सगळे बाप्ये तारीख सांगून गेले पण २५ ला रथसप्तमी आहे हे कोणी बोललं नाही! हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. ज्या बायकांचं राहिलंय त्या सगळ्या त्याच दिवशी करणार, एकीकडून दुसरीकडे वाण घेत फिरणार. तुमच्या कार्यक्रमाला खुर्च्याच राहतील.

आमच्या शाळेत दोन वर्षांमागे हाच घोळ झाला. मग हळदीकुंकूच शाळेत ठेवलं. घरटी एक असं न करता सगळ्यांचं मिळून एक. विधवा बायकांनाही बोलावलं. पहिल्यांदा त्या दारातच उभ्या राहिल्या, पायरी चढेनात. आमच्या बाईंनी कुंकवाचा करंडा बाजूला ठेवून सगळ्यांना आधी तिळगूळ दिला, मग ज्यांना लावून घ्यायचं त्यांनी लावलं. वाण म्हणून पाटी-पेन्सिल दिली, ती मुलांनाच मिळाली. खर्चही वाचला.

जेवणाला काळ्या वाटाण्याची उसळ नि वडे करा. वाटाणे आदल्या दुपारीच भिजत घाला, रात्री घातलेत तर शिजता शिजत नाहीत. मला विचारा, मी रडून झालेय.

गिरणीवाली (११ डिसेंबर)

सगळ्यांना उत्तर देते, मधे वीज नव्हती आणि दळणं साठली होती.

कालच समितीची सभा घेतली. २५ जानेवारी ठरली. तीन वाजता मुलांचे कार्यक्रम, पाचला हळदीकुंकू, सहाला जुन्या मुलांची ओळख, साडेसातला जेवण, साडेआठला होडी. ऑर्केस्ट्रा नाही. जाकडीचा नाच आहे, तो वाडीतलेच लोक करतील, घुंगरू घराघरांत आहेत. जनरेटर यंदा दुसऱ्या माणसाचा, आणि डिझेलचा कॅन मी स्वतः बघणार आहे.

मुंबई मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. आधी गप्पच. मग म्हणाले, मेची बैठक झालीय, ठराव झालाय. मी म्हटलं, काका, तुमची नोंद मी वाचली. त्यांना वाटलं मी काहीतरी कागदपत्राचं बोलते. मी सांगितलं, चौथीत पहिला नंबर असा शेरा आहे आणि पुढच्या रकान्यात तेच, मुं. गेला. मग बराच वेळ बोलले, ठरावाबद्दल नाही, दरवाज्याजवळच्या जांभ्याच्या पायरीबद्दल. ती आहे का अजून? आहे. मधोमध झिजलेय. कमान ते देणार आहेत, ती अडवली नाही. पण रस्त्यावर नको, त्या पायरीपुढे लावा म्हटलं, बुटकी होईल, चालेल म्हणाले.

मास्तर, तुमचं म्हणणं पटलं. सासऱ्यांच्या पानाचा फोटो मी खरंच काढला होता आणि घरच्या गटावर टाकला होता. काढून टाकला. 'कारण' रकान्याची झेरॉक्स दापोलीत करून आणतेय. वेखंड ठेवलं.

उसळवाली ताई, पायरीचं वाचून दोन दिवस डोक्यात तेच होतं. आमच्याकडे सासूबाईंपासूनच सुरुवात करायची आहे. त्या 'बघू' म्हणाल्या आहेत. त्यांच्या भाषेत 'बघू' म्हणजे काहीही असू शकतं.

विरारचा चाकरमानी (११ डिसेंबर)

ताई, एक विचारू? मी तुमच्या वाडीचा नाही हे आधी सांगितलंच. आमच्या वाडीतली शाळा पट संपला म्हणून बंद झाली, इमारतीत आता गवत नि काजूची पोती. शंभर काय, किती वर्षं झाली ते मोजणारंही कोणी नाही. २५ ला मी आलो तर चालेल का? बायको आणि मुलगा पण येतील. त्याला जिल्हा परिषदेची शाळा आतून बघायची आहे.

गिरणीवाली (११ डिसेंबर)

या की. मुलगा कितवीत आहे? तीनच्या आत आलात तर लंगडीला एक कमी पडतोय. आणि तिघं म्हणजे तिघंच ना, ते नक्की सांगा, वडे मोजून करणार आहोत.