मदत हवी आहे: दोन घेणेकऱ्यांच्या भांडणाचा कोर्टखर्च मयताच्या मिळकतीतून जातो का?

नमस्कार. दिवाणी कामं पाहणाऱ्यांकडून किंवा यातून गेलेल्यांकडून माहिती हवी आहे.

माझे मामा सांगलीत हळदीचा व्यापार करायचे. मागच्या वर्षी वारले. मृत्युपत्र नाही. मिळकत म्हणजे गोदाम, त्यातला माल आणि बाजारात अडकलेली उधारी. देणी त्याहून जास्त. वारसांवर जबाबदारी फक्त मयताच्या मिळकतीपुरती (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ५२), हे वकिलांनी समजावल्यावर मामींची झोप परत आली. राहतं घर त्यांच्याच नावावर आहे.

एका घेणेकऱ्याने मिळकतीच्या व्यवस्थापनाचा दावा (कोर्टाच्या देखरेखीखाली मिळकतीतून देणी भागवण्याचा) लावला. कोर्टाने प्राथमिक हुकूमनामा (अंतिम निकालाआधीचा आदेश) करून हिशेब मागवला. इथवर ठीक होतं. मग दुसऱ्याने हातउसन्या रकमेची चिठ्ठी हजर केली. सही मामांचीच वाटते, पण रकमेचा आकडा वेगळ्या शाईत आहे आणि शेवटचं शून्य जरा दाटीनं बसवलंय. पहिला म्हणतो, आकडा मागाहून वाढवलाय. तेव्हापासून हस्ताक्षरतज्ज्ञ, साक्षी, उलटतपास आणि तारखांवर तारखा. आता दोघंही म्हणतात, आमचा खर्च मिळकतीतून द्या.

माझा जीव अडकलाय तो गोदामातल्या दोन हमालांपायी. त्यांची शेवटच्या महिन्यांची मजुरी थकली आहे, हजेरीची वही मामींकडे जपून ठेवलीय. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये क्रम असा आहे: आधी अंत्यविधी आणि अखेरच्या आजारपणाचा खर्च (कलम ३२०), मग मिळकतीच्या व्यवस्थापनासाठी आवश्यक कोर्टकामाचा खर्च (३२१), त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली मजुरी (३२२), आणि उरलेले घेणेकरी समप्रमाणात (३२३). म्हणजे या दोन घेणेकऱ्यांचा वकीलखर्च ३२१ मध्ये घुसला, तर तो हमालांच्या आधी वळता होणार. आधीच तोकडी मिळकत, त्यात हे. मला हे अन्यायाचं वाटतं.

आपसातलं हे भांडण 'आवश्यक कोर्टकाम' ठरतं का? आणि मामींनी आत्ताच हरकत घ्यावी, की अंतिम हुकूमनाम्यापर्यंत थांबावं?

प्रतिसाद

ताई, थांबू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ खाली खर्च कोणी, कोणत्या मिळकतीतून आणि किती द्यायचा हे कोर्टाच्या हातात असतं. साधारणपणे हरणाऱ्याने द्यायचा. तसं केलं नाही तर कोर्टाला लेखी कारण द्यावं लागतं. हिशेब, ताबा, लिलाव यांचा खर्च सगळ्यांच्या फायद्याचा, तो मिळकतीवर पडणं रास्त आहे. चिठ्ठी खरी की खोटी याचा खर्च मात्र त्या दोघांपैकी हरणाऱ्यावर टाका, असा स्वतंत्र अर्ज मामींच्या वकिलांनी आत्ताच द्यावा. अर्जात हमालांची थकबाकी आकड्यासकट लिहा, हजेरीची वही निशाणी (पुरावा) म्हणून दाखल करा आणि मजुरीला ३२२ प्रमाणे अग्रक्रम मागा.

तडजोडीची शक्यता असेल तर लोकअदालत बघा. तिथे मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते (विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, कलम २१). पहिल्या घेणेकऱ्याला हे सांगून बघा, फी त्यानेच भरली आहे.

धागाकर्ती

खूप आभार. वही उद्याच वकिलांकडे देते. हमालांची नावं त्यात आहेत, पण सह्या नाहीत, फक्त अंगठे. ते चालतील ना?