आरोग्य विमा: महिना 690ची ब्राँझ पॉलिसी की 990ची गोल्ड? 15 डिसेंबर 2025च्या आत ठरवायचंय

पाऊलवाट
नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलं त्याला सव्वा वर्ष झालं. इतके दिवस जुन्या कंपनीचाच विमा कोब्राखाली (नोकरी सुटल्यावरही तोच विमा स्वतःच्या पैशाने काही काळ ठेवू देणारा अमेरिकेतला कायदा) चालू ठेवला होता. आता तो परवडेनासा झालाय, म्हणून 2026 साठी मार्केटप्लेसवर, म्हणजे स्वतःचा विमा घ्यायच्या सरकारी साइटवर, शोधतेय. 15 तारखेच्या आत घेतली तर 1 जानेवारीपासून लागू होईल.

वय 52. घरात मी एकटी, मुलगा त्याच्या कंपनीच्या विम्यावर आहे. रक्तदाबाची एक गोळी चालू, बाकी कुरकुर नाही. शेवटी दोन पॉलिसी उरल्यात, एकाच कंपनीच्या, नेटवर्कही (कंपनीशी करार असलेले डॉक्टर-हॉस्पिटलं) एकच:

ब्राँझ: महिना 690 डॉलर, डिडक्टिबल (कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी वर्षात मी भरायची रक्कम) 7,500, त्यापुढच्या बिलाचे 40 टक्के माझे, वर्षात खिशातून जास्तीत जास्त 10,600.
गोल्ड: महिना 990, डिडक्टिबल 1,500, पुढे 25 टक्के माझे, जास्तीत जास्त 8,000.

माझा कल ब्राँझकडे आहे. गेल्या तीन वर्षांत वार्षिक तपासणी सोडली तर डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. मैत्रीण म्हणते हा मूर्खपणा आहे, या वयात साडेसात हजारांचं डिडक्टिबल घेऊ नये. दोन्ही बाजूंनी बोला, वाईट वाटणार नाही.

हिशोबनीस
मैत्रिणीला आकडे दाखवा.

प्रीमियममध्ये वर्षाला 3,600चा फरक. काहीच झालं नाही तर ब्राँझने तेवढे वाचवले, हे उघडच आहे. गंमत दुसऱ्या टोकाला आहे. समजा फार मोठं आजारपण आलं, लाखभराचं बिल झालं. ब्राँझ: 8,280 प्रीमियम अधिक 10,600, म्हणजे 18,880. गोल्ड: 11,880 अधिक 8,000, म्हणजे 19,880. सगळ्यात वाईट वर्षातही ब्राँझ हजाराने स्वस्त! "काही झालं तर?" या भीतीने लोक गोल्ड घेतात, आणि नेमकं तेच झालं की गोल्ड महाग पडते.

गोल्ड जिंकते ती फक्त मधल्या पट्ट्यात. तुमच्या आकड्यांवर तो पट्टा येतो वर्षाला साधारण 6,300 ते 23,500च्या बिलांचा. त्यातही फरक जास्तीत जास्त दोन हजारांच्या आसपास.

बिल म्हणजे कंपनीने ठरवून घेतलेल्या दराचं बिल, हॉस्पिटल छापतं ते नव्हे. डिडक्टिबल भरायच्या आधीही तो कमी दर तुम्हाला मिळतोच. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

रातराणी
हिशोबनीस, तुमच्या त्या "मधल्या पट्ट्यात"च माणसं राहतात हो. मोडलेलं मनगट, मूतखडा, पित्ताशय, एखादा एमआरआय आणि मागाहून फिजिओथेरपी. लाखभराचं बिल क्वचित येतं, या असल्या गोष्टी पन्नाशीनंतर आळीपाळीने येतात.

आमच्याकडचं सांगते. 2023 साली आमचीही अशीच ब्राँझ होती, डिडक्टिबल 6,900. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात नवऱ्याच्या पोटात उजवीकडे वर दुखायला लागलं. जेवलं की जास्त. मी म्हटलं जाऊन ये. तो म्हणाला बघू. महिनाभर "बघू" चाललं. 29 डिसेंबरच्या रात्री तापाने फणफणला तेव्हा इमर्जन्सीत नेलं. पित्ताशयाला सूज येऊन संसर्ग झालेला. तीन दिवस सलाइन, अँटिबायोटिक्स, स्कॅन. ऑपरेशन 2 जानेवारीला.

आता तारखा बघा. डिडक्टिबल 1 जानेवारीला परत शून्यावर येतं. डिसेंबरच्या तीन दिवसांत 2023चं भरलं आणि ऑपरेशनला 2024चं नव्याने. एका पित्ताशयासाठी दोन डिडक्टिबल.

पण हे सांगण्याचं कारण पैसे नाहीत. घरी आल्यावर आवराआवर करताना फ्रिजवर चुंबकाखाली एक पाकीट सापडलं. मागच्या कोऱ्या बाजूवर त्याच्या अक्षरात तीन ओळी होत्या:

इमर्जन्सी — 3,000?
अर्जंट केअर — 250 + टेस्ट
थांबणे — 0

चांगला शिकलेला माणूस, बँकेत तेवढे पैसेही होते. तरी महिनाभर तिसरी ओळ निवडत राहिला. पाऊलवाट ताई, तीन वर्षं तुम्ही डॉक्टरकडे गेला नाहीत. काही झालंच नाही म्हणून, की अंगावर काढलंत?

खडूस_पेन्शनर
दोष नवऱ्याचा, पॉलिसीचा नव्हे. अंगावर काढणारा माणूस गोल्ड असली तरी काढतोच. आमच्या पिढीत सगळे तसेच.

मुळात विमा कशासाठी असतो? बुडवणाऱ्या खर्चासाठी. गाडीच्या विम्यातून कोणी ऑइल बदलून घेतं का? 3,600 डॉलर दरसाल कंपनीला द्यायचे आणि वर्षाअखेरीला हात हलवत परत यायचं, त्यापेक्षा ते स्वतःच्या खात्यात ठेवा. दोन-अडीच वर्षांत डिडक्टिबलइतके साठतात. नंतर कंपनी काय म्हणते याची फिकीर नाही.

रातराणी
काका, गाडीचं ऑइल कधी बदलायचं ते पुस्तिकेत मैलांच्या आकड्यासकट लिहिलेलं असतं. पोटात दुखतंय ते अपचनाने की पित्ताशयाने, हे कुठल्या पुस्तिकेत आहे? आणि "दोन-अडीच वर्षांत साठतात" हे मान्य, पण दुखणं तेवढं थांबणार आहे का? पहिल्याच मार्चमध्ये आलं तर खात्यात असतील 900.

टकळी
भांडा तुम्ही. मी जरा कराचं बोलते, कारण 2026 साठी दोन गोष्टी बदलल्यात आणि कोणीच त्यावर बोललेलं नाही.

एक: 1 जानेवारीपासून मार्केटप्लेसवरच्या सगळ्या ब्राँझ पॉलिसींना एचएसए खातं, म्हणजे औषधोपचारासाठीचं बचत खातं, उघडता येईल. आतापर्यंत प्रत्येक ब्राँझला ते चालत नव्हतं. एकट्या माणसाला 2026 मध्ये 4,400 टाकता येतात, 55 नंतर आणखी 1,000. टाकताना कर नाही, वाढीवर नाही, औषधोपचारासाठी काढले तर तेव्हाही नाही. उरलेले पैसे तुमचेच, वर्षाअखेरीला बुडत नाहीत. 65 आधी दुसऱ्या कशासाठी काढले तर मात्र कर अधिक 20 टक्के दंड. आणि कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत असाल तर राज्याच्या करात ही सूट धरत नाहीत.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं: कोविडच्या काळात आलेली प्रीमियमवरची वाढीव सवलत 2025च्या डिसेंबरअखेर संपतेय. म्हणजे जुना कडा परत आला. एकट्या माणसाचं उत्पन्न 62,600च्या वर गेलं की सवलत शून्य. पाऊलवाट, तुमचं उत्पन्न साधारण किती धरताय? 690 आणि 990 हे सवलतीशिवायचे आकडे दिसतायत.

पाऊलवाट
टकळी, अगदी नेमकं पकडलंस. सगळ्या वजावटी धरून माझा अंदाज 66,500 आहे. म्हणून साइटने सवलत दाखवलीच नाही. मी गृहीत धरलं की विषय संपला.

रातराणी, तुमच्या प्रश्नाने रात्री झोप आली नाही, खरं सांगते. थोडं अंगावरही काढलंय. खांदा गेल्या एप्रिलपासून वर जात नाही.

टकळी
मग हे बघ. 66,500 मधून एचएसएचे 4,400 वजा केले की 62,100. कड्याच्या खाली! त्या उत्पन्नावर 2026 साठी तुझा वाटा 9.96 टक्के धरतात, म्हणजे महिना साधारण 515. तुझ्या भागातल्या दुसऱ्या सगळ्यात स्वस्त सिल्व्हरचा (ब्राँझ-गोल्डच्या मधली पॉलिसी) प्रीमियम किती आहे ते बघ, त्यातून तुझा वाटा वजा केला की सवलत. समजा 950 असेल तर सवलत 435. ती कुठल्याही धातूच्या पॉलिसीला लावता येते. ब्राँझ 255ला पडेल.

रातराणी
आणि गोल्ड 555ला. फरक तोच 300 राहिला. शिवाय कड्याखाली यायला एचएसएच लागतं असं कोण म्हणालं? ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (निवृत्तीसाठीचं बचत खातं) टाकले तरी उत्पन्न तेवढंच खाली येतं, आणि पन्नाशीनंतर तिथे 2026 मध्ये 8,600 टाकता येतात. ते गोल्ड घेऊनही करता येईल. कराचा मुद्दा ब्राँझच्या पारड्यात टाकू नका.

टकळी
बरोबर आहे, हे मी सांगायला हवं होतं. फक्त आयआरएतून उद्या खांद्याचं बिल बिनकराचं भरता येत नाही, एचएसएतून येतं.

दोघींसाठी एक धोक्याची सूचना. 2026 पासून अंदाज चुकून उत्पन्न कड्याच्या एक डॉलर जरी वर गेलं, तर वर्षभराची सगळी सवलत परत करावी लागेल. आधी कमी उत्पन्नवाल्यांसाठी त्या परतफेडीला मर्यादा असायची, ती काढून टाकली. एक जास्तीचं काम डिसेंबरात आलं तर पाच हजारांचा फटका. थोडी जागा सोडून चाल.

अर्धवट_ज्ञानी
रातराणी विरुद्ध पेन्शनर काका या वादावर एक जुना प्रयोगच झालेला आहे. रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने 1970च्या दशकात अमेरिकेत सहा ठिकाणची कुटुंबं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वेगवेगळ्या विम्यांत वाटली. काहींना सगळं फुकट, काहींना 25 टक्के, 50 टक्के, काहींना एका मर्यादेपर्यंत 95 टक्के खिशातून. खिशातून द्यावं लागणारे लोक डॉक्टरकडे कमी गेले, खर्च कमी झाला, आणि सरासरी माणसाची तब्येत काही बिघडली नाही. इथवर काका जिंकले.

पण लोकांनी काय टाळलं? निरुपयोगी आणि उपयोगी, दोन्ही उपचार जवळजवळ सारख्याच प्रमाणात. कुठलं दुखणं महत्त्वाचं हे त्यांना ओळखता आलं नाही. आणि गरीब व आधीच आजारी असलेल्यांमध्ये, विशेषतः रक्तदाबवाल्यांमध्ये, फुकट उपचारवाल्या गटाची तब्येत जास्त चांगली राहिली.

तुमची रक्तदाबाची गोळी आहे म्हणून सांगितलं.

खडूस_पेन्शनर
गरीब आणि आजारी म्हणालास ना? या बाई दोन्ही नाहीत. रक्तदाबाची जेनेरिक गोळी रोखीनेही स्वस्त मिळते. मॅमोग्राम, आतड्याच्या कर्करोगाची चाचणी, वार्षिक तपासणी हे कायद्याने ब्राँझमध्येही फुकट, डिडक्टिबलचा संबंध नाही.

लिंबूटिंबू
काका, फुकट तपासणीवरून आठवलं. मी गेलो फुकटच्या वार्षिक तपासणीला. सगळं झाल्यावर डॉक्टरीणबाई प्रेमाने म्हणाल्या, "आणखी काही?" मीही प्रेमाने गुडघ्याचं सांगितलं. दोन मिनिटं वाकवून पाहिला. महिन्याने 186 डॉलरचं बिल, "वेगळी समस्या, वेगळी भेट" या नावाखाली. तेव्हापासून "आणखी काही?" म्हटलं की मी "नाही, मुलंबाळं मजेत" सांगून उठतो.

रातराणी
लिंबूटिंबू, हसले खरी, पण बघा ना, गुडघा दाखवायचा तुम्ही बंद केलात. ताईंच्या खांद्याचंही हेच होणार. हिशोबनीसांचा तक्ता बिल आल्यावर सुरू होतो. माणूस गेलाच नाही तर तक्त्यात शून्य दिसतं आणि ब्राँझ जिंकते.

हिशोबनीस
हा मुद्दा मान्य करायलाच हवा. माझ्या तक्त्यात "थांबणे" हा रकाना नाही, आणि ब्राँझच्या बाजूने निघालेली प्रत्येक बचत त्यावर थोडी फुगलेली असू शकते.

तरी माझं मत बदलत नाही, अट मात्र घालतो. ब्राँझ घ्यायची तर वाचलेले 300 दर महिन्याला आपोआप एचएसएत गेले पाहिजेत, आणि ते पैसे खर्च करायचे आहेत असं धरून जगायचं. ते जमत नसेल तर गोल्ड घ्या, मी पुन्हा बोलणार नाही.

रोखीने स्वस्त मिळतं म्हणून सरसकट रोखीने करू नका. कंपनीमार्फत न गेलेलं बिल डिडक्टिबलमध्ये मोजलं जात नाही. गोळीला चालेल, एमआरआयला दोनदा विचार करा.

पाऊलवाट
काल फोनवर दीड तास घालवला. माझ्या भागात ती दुसरी स्वस्त सिल्व्हर 938 निघाली, म्हणजे टकळीचा अंदाज जवळपास बरोबर. डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत का हे साइटवर न बघता थेट दवाखान्यात विचारलं, पॉलिसीचं पूर्ण नाव वाचून दाखवलं. आहेत.

ब्राँझ घेतली. 4,400 पैकी 2,000 जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच एचएसएत टाकणार, बाकी महिन्याला 200. उत्पन्नाला जागा राहावी म्हणून थोडे आयआरएतही. खांद्यासाठी 9 जानेवारीची वेळ घेतलीय. तपासणीच्या भेटीत घुसडणार नाही, सरळ वेगळी भेट, पूर्ण पैसे देऊन.

रातराणी
9 तारीख लिहून ठेवलीय, विचारणार आहे. मी मात्र यंदाही गोल्डच भरली. ते पाकीट अजून घरात आहे आणि नवरा तोच आहे.

हिशोबनीस
पाऊलवाट, पहिला प्रीमियम भरलात का? नुसती निवडून पॉलिसी सुरू होत नाही, कार्ड येण्याची वाट बघू नका.

पाऊलवाट
अरे देवा. भरते, थांबा.

भरला.