ओतीव गोळ्यांसाठी शिशाचा कोणता मिश्रधातू निवडावा?

प्रश्न:
मी परवानाधारक नेमबाज असून रायफलीसाठी शिशाच्या गोळ्या घरी ओतण्याचा विचार करत आहे. कायद्याने त्याला मुभा असल्याची खात्री मी करून घेतली आहे. मऊ शिसे नळीत चिकटते, म्हणून मिश्रधातू जितका कठीण तितका चांगला, असे सांगितले जाते. हे खरे आहे काय? घरात लहान मुले असल्याने धुराचीही काळजी वाटते.

उत्तर १:
कठीणपणा हा एकच निकष धरू नये. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कठीणपणा (धातूचा कठीणपणा दाखवणारा आकडा; जास्त आकडा म्हणजे जास्त कठीण) सुमारे ५ असतो. त्यात ५ टक्के कथील व ५ टक्के अँटिमनी मिसळल्यास तो १५ च्या आसपास जातो, तर छापखान्यातील लायनोटाइपचा धातू २२ पर्यंत पोहोचतो. परंतु नळीत शिसे बसण्याचे कारण बहुधा गोळीचा अपुरा व्यास हे असते. गोळी घट्ट बसली नाही, की तप्त वायू तिच्या कडेने निसटतात आणि वितळलेले शिसे आट्यांवर, म्हणजे नळीच्या आतील पिळदार खाचांवर, चिकटते. अतिकठीण गोळी तर दाबाने फुगून ती फटही भरून काढत नाही. म्हणून आधी नळीचा खाचांच्या तळाशी असलेला अंतर्व्यास मोजावा आणि गोळी त्याहून साधारण ०.०२५ मिलिमीटरने मोठी ठेवावी. तोंडाकडून भरायच्या रायफलीला मात्र मऊ शिसेच हवे.

उत्तर २:
मुलांविषयीची आपली काळजी रास्त आहे, पण खरा धोका धुराहून धुळीचा अधिक आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि १७४९ अंशांना उकळते, त्यामुळे ओतकामाच्या तापमानाला त्याची वाफ फार थोडी होते. वर जमणारी भुकटीसारखी मळी मात्र हातांवाटे व कपड्यांवाटे घरभर जाते. हे काम स्वयंपाकघरात कदापि करू नये, मोकळ्या हवेत करावे, कपडे वेगळे धुवावेत आणि रक्तातील शिशाची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी. पाण्याचा एक थेंबही वितळलेल्या धातूखाली गेला, तर त्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उडतो. म्हणून ओलसर भंगार तापलेल्या मुशीत टाकू नये, चेहऱ्यावर पूर्ण आवरण ठेवावे.

उत्तर ३:
भंगारातील बॅटरीचे शिसे घेऊच नका. त्यातील अँटिमनी, आर्सेनिक व कॅल्शियम यांमुळे मळीला ओल लागताच अतिविषारी वायू निघू शकतात. गाडीच्या चाकांचा तोल साधण्यासाठी लावतात ती वजने घेतल्यास त्यांतील जस्ताची वेगळी काढावीत. जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणून तापमान त्याखाली ठेवल्यास नजरचुकीने राहिलेले तुकडे वर तरंगतात आणि काढून टाकता येतात.