मदत हवी आहे: भीतीचं काम मेंदूतल्या अमिग्डाला या भागाचं की हिप्पोकॅम्पस या भागाचं?
टीवायला सायकॉलॉजी आहे, सोमवारी सेमिनार. विषय असा की समोर खाऊ पण आणि धोका पण, मग मेंदू काय करतो. काल गोदाघाटावर एका कुत्र्याला बिस्कीट दाखवलं तर मान पुढे ताणलेली, मागचे पाय जागेवरच, थोडं जवळ आलं की परत मागे, बराच वेळ हेच! हे नील मिलर या सायकॉलॉजिस्टच्या १९४४ च्या थिअरीत बसतं, जवळ जाताना भीती ओढीपेक्षा झपाट्याने वाढते. पण मला वाटायचं भीती म्हणजे अमिग्डाला, विषय संपला, तर उंदरांच्या हिप्पोकॅम्पसचा व्हेंट्रल (खालचा, पोटाकडचा) भाग निकामी केला की ते एरवी टाळतात त्या उघड्या जागेत जास्त फिरतात, म्हणजे भीती कमी होते. अरे तो तर मेमरीवाला ना? मग तो नुसता ब्रेक मारतो का दोन्ही बाजू तोलतो? कोणी सोपं करून सांगेल का प्लीज, सर हेच विचारणार.