चढाईच्या भिंतीपेक्षा तिच्यावरचे होल्ड (हातापायाच्या पकडी) बदलणारा माणूस महत्त्वाचा
पालिकेच्या मैदानात क्लाइंबिंगसाठी १५ मीटरची स्पीड वॉल, म्हणजे कोण लवकर वर पोचतं या शर्यतीची भिंत बांधा, असं कोणीतरी सुचवलंय. मला ते पटत नाही. स्पीडचा मार्ग जगभर एकच असतो. वस्तीतली पोरं त्यावर किती दिवस रमतील? त्यापेक्षा चारेक मीटरची बोल्डरिंगची भिंत बांधा. दोर नको, खालून दोर सांभाळणारा बिलेयर नको, खाली जाड मॅट, आणि एका वेळी बरीच मुलं चढतात. २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक झाला, म्हणजे जाणकार माणसं इथे आहेतच. पण होल्ड नियमित बदलायला पगारी रूट-सेटर हवा, वापरायला भाड्याचे शूज हवेत. आणि पावसाळा, खारी हवा धरून छप्पर आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. हे सगळं टेंडरमध्येच लिहून घ्यायला हवं, नंतर कोणी देत नाही.