धर्मादाय रुग्णालयात डिपॉझिट मागतात, पिवळ्या कार्डावर काम होईल का?

माणदेशी: ऊसतोड कुटुंबातल्या 34 वर्षांच्या बाईंच्या हृदयाची झडप बदलायची आहे. पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात ऑपरेशन ठरलंय. पिवळं रेशनकार्ड आहे, उत्पन्नाचा दाखला नाही. काउंटरवर म्हणतात, गरिबांच्या खाटा भरल्यात, डिपॉझिट भरा. काय करावं?

रुग्णमित्र: डिपॉझिट भरू नका आणि काउंटरवर वादही घालू नका, तिथल्या माणसाच्या हातात काही नसतं. थेट रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना गाठा. उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार 10% खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10% दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड, दोन्हींपैकी एक पुरतं. कार्डावर बाईंचं नाव आहे ना, ते आधी बघा. लग्नानंतर नाव चढवलेलं नसतं आणि सगळं तिथेच अडतं.

अर्ज भरती होतानाच द्या, पोच घ्या. बिल तयार झाल्यावर गेलात तर ‘थोडं कमी करतो’ एवढ्यावरच बोळवण होते. खाटा खरंच भरल्या असतील तर तसं लेखी मागा. देत नसतील तर धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तक्रार करा.

बिलतपासनीस: निर्धन रुग्णाची औषधं, इम्प्लांट (झडपेसारख्या शरीरात बसवायच्या वस्तू) हे सगळं रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीतून जातं. त्यासाठी इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या 2% रक्कम बाजूला काढलेली असते. तेव्हा ‘खाट फुकट, झडप तुम्ही आणा’ हे चालवून घेऊ नका. दुर्बल घटकात टाकलं तर मात्र औषधं-इम्प्लांटच्या खरेदी किमतीतला निदान अर्धा वाटा घरच्यांवर येतो. म्हणून कागदावर ‘निर्धन’ लिहिलंय का, ते वाचूनच सही करा. रुग्णालय सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत असेल तर तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसांना, म्हणजे आरोग्यमित्रांनाही भेटा. झडपेचं ऑपरेशन त्यात बसतं, पण मंजुरी ऑपरेशनआधी लागते.

हृदयविभाग: ऑपरेशननंतरचं कुणी बोलत नाही. धातूची झडप बसवली तर वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याची तपासणी, सुरुवातीला वारंवार, मग साधारण दर महिन्याला. रक्त जास्त पातळ झालं तर रक्तस्राव, कमी झालं तर झडपेवर गुठळी. तोडीच्या हंगामात सहा महिने फडावर असताना ही तपासणी कुठे होणार, ते आत्ताच ठरवा. कारखान्याजवळच्या उपजिल्हा रुग्णालयात सोय आहे का, विचारून ठेवा. जैविक, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेल्या झडपेला बहुतेकदा जन्मभर वॉरफरिन लागत नाही, पण या वयात ती पुढे पुन्हा बदलावी लागते. आणखी मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, वॉरफरिनने गर्भाला धोका असतो. झडप संधिवाताच्या तापाने खराब झाली असेल तर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी चालूच ठेवावं लागेल, ऑपरेशन झालं तरी.