विषय: आजारी मुलाला फेनवेवर (बोस्टनमधलं रेड सॉक्स संघाचं बेसबॉल मैदान) मॅचला नेताना

नमस्कार मंडळी,
आपल्यातल्या एका कुटुंबातला ९ वर्षांचा मुलगा ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) मेंटेनन्स केमोवर, म्हणजे आजार परतू नये म्हणून चालणाऱ्या औषधांवर आहे. बेसबॉलचं प्रचंड वेड. डॉक्टरांनी दुपारच्या मॅचला परवानगी दिली आहे, तिकिटं मंडळ काढणार आहे. आणखी काय बघावं? मेक-अ-विशकडे (आजारी मुलांची इच्छा पुरवणारी संस्था) अर्ज करायचा का?
— कार्यकारिणी

---

उत्तर: मेक-अ-विश आणि तब्येत

एका मॅचसाठी मेक-अ-विश वापरू नका. गंभीर आजारी मुलांना अडीच ते १८ वर्षांपर्यंत ती संधी मिळते, पण एकदाच. दुसऱ्या संस्थेने आधीच अशी इच्छा पुरवली असेल तरी अर्ज बाद होतो. त्याला मनापासून काय हवंय ते ठरवायला वेळ द्या. मॅचसाठी इस्पितळातल्या चाइल्ड लाइफ स्पेशालिस्टला (आजारी मुलांना धीर देणारी, त्यांच्या विरंगुळ्याकडे बघणारी व्यक्ती) विचारा.

त्याला एकच तारीख सांगू नका, दोन सांगा. मॅचच्या एक-दोन दिवस आधीचे काउंट्स (रक्तपेशींची मोजणी) बघून डॉक्टर पक्कं करतील. एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) ५०० च्या खाली गेला तर गर्दीत नेणं नाही, म्हणजे नाही. अशा वेळी दुसरी तारीख हाताशी असली की मूल कोसळत नाही.

थर्मामीटर बरोबर ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा डॉक्टरांच्या टीमने दिलेला आकडा दिसला की लगेच फोन. त्याआधी टायलेनॉल (पॅरासिटामॉल) देऊ नका, ताप झाकला जातो. फेनवेपासून लाँगवुडची इस्पितळं साधारण मैलभरावर आहेत, हे आईबाबांना आधीच सांगा, तेवढाच धीर.

खाणं घरचं न्यायचं असेल तर क्लबला आधी विचारा. सॉफ्ट सर्व्ह आइस्क्रीम, उघडे सॉस आणि सालीसकट शेंगा टाळा. औषधांची बॅग तपासून आत सोडतात, तरी डॉक्टरांचं पत्र जवळ असू द्या.
— बालकर्करोग विभागातली एक परिचारिका

---

उत्तर: जागा कुठली?

ताईंच्या मुद्द्याला जोडून. मेथोट्रेक्सेट (केमोचं औषध) आणि बॅक्ट्रिम (अँटिबायोटिक) चालू असेल तर कातडी उन्हात लवकर भाजते. म्हणून तिसऱ्या बेसच्या बाजूची, छपराखालची ग्रँडस्टँडमधली जागा घ्या. दुपारचं ऊन उजव्या फील्डच्या प्रेक्षकांच्या तोंडावर येतं, इथे सावली लवकर पोचते. मात्र फेनवे १९१२ चं आहे: लाकडी खुर्च्या अरुंद आणि छपराचे खांब मध्ये. तिकिटावर ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ (समोर अडथळा) लिहिलंय का बघा, नाहीतर पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) जागी खांब दिसेल. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर फाउल बॉलचा, म्हणजे प्रेक्षकांत उडून येणाऱ्या चेंडूचा धोका, जागा जाळीमागचीच हवी.

व्हीलचेअर लागणार असेल तर तशी जागा मागा. जागा असेल तर शेजारी आणखी तिघांची तिकिटं मिळतात. पिच क्लॉक (चेंडू टाकायला ठरवलेली वेळमर्यादा) २०२३ मध्ये आल्यापासून मॅच पावणेतीन तासांच्या आसपास संपते, पण पाचव्या डावात मूल पेंगलं तर उठा. गाडी जवळच्या पार्किंगमध्ये लावा, पैसे जास्त गेले तरी चालतील. होम रनच्या वेळी कल्ला फार होतो, कानांवर लावायचे हेडफोन न्या.

खेळाडूची सही घ्यायची असेल तर नवा चेंडू आणि निळं बॉलपेन. मार्कर चामड्यात पसरतो. दोन्ही शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात ती अरुंद जागा सहीची, चेंडू तसा वळवूनच खेळाडूच्या हातात द्या. सॅनिटायझर लावलेले हात कोरडे झाल्याशिवाय सहीला लावू नका, स्पिरिटने शाई पुसते. कठड्याशी उभं राहायला मोठ्या माणसाला पाठवा, मूल खुर्चीत बसू द्या.
— मंडळाचा क्रीडा विभाग

---

उत्तर: आणि जाता नाही आलं तर?

१९४८ मध्ये बोस्टनच्याच इस्पितळात ‘जिमी’ नावाने ओळखला गेलेला १२ वर्षांचा कर्करोगाचा रुग्ण आयनार गुस्ताफसन ब्रेव्ह्जचा (तेव्हाचा बोस्टनचा दुसरा बेसबॉल संघ) चाहता होता. रेडिओ कार्यक्रमात खेळाडू त्याच्या खाटेपाशी आले, आणि त्याला मॅच बघायला टीव्ही मिळावा म्हणून लोकांना पैसे मागितले गेले. त्यातून जिमी फंड (कर्करोगावरचे उपचार आणि संशोधन यांसाठीचा निधी) उभा राहिला. ब्रेव्ह्ज १९५३ मध्ये मिलवॉकीला गेले, तेव्हापासून रेड सॉक्सने त्याला पाठिंबा दिला.

तेव्हा दोन्ही तारखा हुकल्या तर मॅच खाटेपाशी आणता येईल: स्कोअरकार्ड, पेन्सिल, टोपी, आणि नऊही डाव शेजारी बसेल असा एक माणूस. त्याचं नाव आत्ताच ठरवून ठेवा.
— परिचारिका